एकतिसाव्या प्रकरणाची खरी प्रत

बाई, तुम्हाला मी तोंडावर कधी बाई म्हटलं नाही. समोर तुम्ही मॅडमच होतात. पण घरी बायकोशी बोलताना तुम्ही पहिल्या महिन्यातच 'हॅस्लमबाई' झालात. ज्यांनी शिकवलं त्यांना आमच्याकडे बाई म्हणतात, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला नव्याने काही शिकवेल असं दुसरं कोणी मला दुबईत भेटलं नव्हतं.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. जबल अलीच्या दफनभूमीत आम्ही नऊ जण होतो, त्यांतले दोघे तुमच्या इमारतीचे सिक्युरिटीवाले. लंडनच्या वर्तमानपत्रात तुमच्यावर अर्धं पान आलं. एकोणीस कादंबऱ्या, त्यांची नावं, नवऱ्याचं नाव, जन्मगाव. मी सवयीने पेन्सिल घेऊन तपासलं. एकही चूक सापडली नाही, आणि तुम्हीही सापडला नाहीत.

परवा तुमच्या संपादक क्लेअरबाईंची ईमेल आली. तुमची शेवटची कादंबरी त्या नव्याने काढणार आहेत, तुमची आठवण म्हणून, कापडी बांधणीत. सगळ्या प्रती माझ्याकडे आहेत हे त्यांना ठाऊक आहे. छापलेला मजकूर हाच लेखिकेचा अंतिम मजकूर आहे, एवढं मी गुरुवारपर्यंत लिहून द्यावं असं त्यांचं म्हणणं आहे. एका ओळीचं काम. दोन दिवस झाले, ती ओळ मला लिहिता येत नाही.

कारण ते खरं नाही. पुस्तकात छापलेलं शेवटचं, एकतिसावं प्रकरण तुम्ही अंतिम ठरवलेलं नव्हे. ते मी बदललं. चुकून नाही, मुद्दाम. आणि तुम्ही होतात तोवर हे तुम्हाला सांगण्याची माझी छाती झाली नाही.

माझी ओळख करून देताना तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "हे मिस्टर सबनीस. इमारती बांधणाऱ्यांना खोटं बोलू देत नाहीत." पाहुणे गोंधळायचे. मग मला सांगावं लागे की मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. एका टॉवरचे हजारो नकाशे असतात आणि प्रत्येक नकाशा दहा-पंधरा वेळा बदलतो. साइटवर फक्त शेवटची रिव्हिजन जाईल आणि आधीच्या सगळ्यांवर रद्दचा शिक्का बसेल हे बघणं, एवढंच माझं काम. जुन्या रिव्हिजनवरून भिंत उभी राहिली तर ती पाडावी लागते, आणि शिव्या माझ्या नावाने पडतात. सव्वीस वर्षांत माझ्या हातून अशी एकही भिंत उभी राहिली नाही. हे मी तुम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की शेवटी शेवटी तुम्हीच वाक्य पूर्ण करायचात.

आपली गाठ पडली तीही या सवयीमुळे. ऑफिसच्या पँट्रीत कुणीतरी टाकून गेलेली तुमची एक कादंबरी मी दोनदा वाचली आणि ठेकेदाराच्या नकाशावर काढतो तशा तिच्यावर बेचाळीस चुका काढल्या. पान एकशेचौदावर किल्ली डाव्या खिशात आहे, एकशेएकोणीसवर उजव्या. अशा. खाली शेरा मारला, 'कोड बी', म्हणजे सूचनांसह मंजूर, आणि कागद तुमच्या प्रकाशकाकडे पाठवून दिला. बायको सुनीता म्हणाली, "इंग्रज माणसाला इंग्रजीतल्या चुका सांगायला निघालात, धन्य आहे." महिन्याभराने पत्र आलं. किल्लीचं तुमचं बरोबर आहे, पण पान एकशेएकतीसच्या बाबतीत तुम्ही साफ चुकलात, या, दाखवून देईन. पत्ता दुबई मरीनाचा. माझ्या डिस्कव्हरी गार्डन्सपासून बसने जेमतेम वीस मिनिटं.

पुस्तकावर नाव होतं 'डब्ल्यू. हॅस्लम'. तेविसाव्या मजल्यावर दार उघडलं ते माझ्या खांद्याला लागणाऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. मी विचारलं, सर आहेत का. तुम्ही दार पुरतं उघडून म्हणालात, "सर कधीच नव्हते. आत या." मी बूट काढायला वाकलो ते अर्धं लाजेने.

त्या दिवशी तुम्ही मला पान एकशेएकतीस समजावलंत आणि माझा विश्वासच उडाला. स्वतःवरचा. तिथे एक माणूस चहात दोनदा साखर घालतो. मी ती चूक म्हणून लिहिली होती. तुम्ही म्हणालात, तो बावरलेला आहे, पण मी तसं लिहिलं तर तुम्ही मला विचारणार नाही, आता तुम्ही विचारलंत. एवढ्या साध्या गोष्टीत एवढं मावतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर दर शनिवारी सकाळी मी तुमच्याकडे. सात वर्षं.

लोकांना वाटायचं तुम्ही तरुणपणी गुप्तहेर होतात. मुलाखत घ्यायला येणारे पिस्तुलाबद्दल विचारायचे. तुम्ही सांगायचात, मी उचललेली सगळ्यांत जड वस्तू म्हणजे फायलींची ढकलगाडी. एकोणिसाव्या वर्षी लंडनच्या हेरखात्यात तुम्ही फायली लावायला लागलात आणि अकरा वर्षं तेच केलंत. एकाही हेराशी बोलला नाहीत. पण कुठली फाईल कोण मागतो, कोण उशिरा परत करतो, कोण परत करताना नजर चुकवतो, यावरून तुम्हाला माणसं कळायची. सुनीताला हे सांगितलं तर ती म्हणाली, शितावरून भाताची परीक्षा. मी तुम्हाला त्याचा अर्थ सांगितला. तुम्ही ते लिहून घेतलंत आणि पुढच्या पुस्तकात एका म्हाताऱ्या स्वयंपाकिणीच्या तोंडी घातलंत.

नवरा बंदरं बांधणारा इंजिनिअर. त्याच्या नोकरीमागे तुम्ही इथे आलात तेव्हा मरीना नव्हतीच, वाळू होती. दुपारी वीज गेली की मानेवर ओला टॉवेल टाकून तुम्ही जेवणाच्या टेबलावर पहिली कादंबरी लिहिलीत. प्रकाशकाने सांगितलं, बाईच्या नावाने हेरकथा कोण घेणार, आद्याक्षर लावा. तुम्ही लावलंत. 'डिअर सर' म्हणून येणाऱ्या पत्रांचा एक खोका तुम्ही हौसेने जपला होता. पुढे शीतयुद्ध संपलं, तेव्हा तेच प्रकाशक म्हणाले की आता हा धंदा संपला. ओळीने चार पुस्तकं कुणी विचारली नाहीत. तुम्ही सकाळी सहा ते अकरा लिहीतच राहिलात. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटलं? तुम्ही म्हणालात, "शत्रू संपले म्हणून गुपितं संपतात का? घराघरांत आहेत." मग काही वर्षांनी लोक तुमच्याकडे परत आले, आणि तुम्ही मात्र आधी होतात तिथेच टेबलाशी बसलेल्या होतात.

मला सगळ्यांत थक्क केलं ते तुमच्या भिंतीने. जेवणघराची एक अख्खी भिंत कागदाने मढवलेली. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रकरणांचे आकडे, आणि प्रत्येक चौकटीत एवढंच, की या माणसाला या क्षणी काय ठाऊक आहे. कोण काय करतो ते त्यात नव्हतंच. तुम्ही म्हणायचात, माणसाला काय ठाऊक आहे ते कळलं की तो काय करणार हे मला ठरवावं लागत नाही. मी टॉवरचे नकाशे सांभाळणारा माणूस, पण त्या भिंतीपुढे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा हात जोडायचेच बाकी होते.

आणि तुमची ती चालण्याची हौस. पुस्तकात कुणी कुणाचा पाठलाग करायचा असला की आधी आपण करून बघायचा. एकदा मॉलमध्ये तुम्ही पुढे आणि तीस पावलं मागे मी. दोन दुकानं जातात न जातात तोच मंडळाचे आमचे जोशी आडवे आले. "काय सबनीस, इकडे कुठे? गणपतीची वर्गणी राहिली हां." त्यांना झटकून टाकणं मला कुठलं जमायला. मुलीची परीक्षा, अबुधाबीची ट्रॅफिक, सगळं झालं. पाहतो तर तुम्ही माझ्या मागे उभ्या राहून ऐकताय. मराठी माणसाला कुठल्याच देशाने हेर म्हणून घेऊ नये, असा निकाल तुम्ही त्या दिवशी दिलात. वर्षभर मला त्यावरून छळलंत.

मग डोळे गेले. मधलं दिसेनासं झालं, फक्त कडा उरल्या. तुम्ही त्यावर एकदाही रडला नाहीत, निदान माझ्यासमोर. म्हणालात, मिस्टर सबनीस, मी सांगते, तुम्ही टाइप करा, भिंत मला वाचून दाखवा. भिंत वाचायला तशी तुम्हाला माझी गरजच नव्हती. तीनशेच्या वर चौकटी तुम्हाला पाठ होत्या, आणि मी एखादी चुकीची वाचली तर खुर्चीतून बोट वर व्हायचं. आमची ईशा एकदा माझ्याबरोबर आली होती. परत जाताना बसमध्ये म्हणाली, "बाबा, शी इज लाइक, स्केरी गुड." तिने आयुष्यात कुठल्या मोठ्या माणसाला दिलेलं एवढंच सर्टिफिकेट.

तर ती शेवटची कादंबरी. तुम्हाला एक असा माणूस हवा होता जो सगळं बघतो पण ज्याच्याकडे कुणी बघत नाही. मी बबनला घेऊन आलो. बबन मोहिते, चिपळूणकडचा, आमच्या साइटवर परांची बांधायचा. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तुमच्या सोफ्याच्या टोकावर टेकला होता. तुम्ही विचारायचात, तो मराठीत सांगायचा, मी मधे दुभाषा. वरून काय दिसतं या प्रश्नावर तो म्हणाला, कुठली गाडी कुठल्या गेटात किती वाजता शिरते ते सगळं दिसतं, आणि खालचा एकही माणूस मान वर करत नाही. तुमचा चेहरा असा उजळला की बबनच घाबरला. एक तास ठरला होता, तुम्ही त्याला चार तास बसवलंत. त्याच्या हाताला हात लावून घट्टे कुठे पडतात ते पाहिलंत. पुस्तकात तो 'रघू' झाला, बंदरासमोरच्या टॉवरवर परांची बांधणारा, इंग्रजांना जहाजांची बातमी पोचवणारा.

निघताना लिफ्टपाशी बबनने मला विचारलं, "साहेब, शेवटी माझं काय होतं त्या पुस्तकात?" मी म्हटलं, "तू घरी जातोस." तो खूश झाला. मला तेव्हा ठाऊकच नव्हतं, पण वेगळं काय सांगणार होतो मी त्याला?

पहिल्यांदा तुम्हीही तसंच सांगितलंत. रिव्हिजन एक नुसता खर्डा; रिव्हिजन दोन हे तीन पानांचं प्रकरण, रघू विमानात बसतो. पुढच्या महिन्यात तुम्ही ते मोडून बारा पानांचं रिव्हिजन तीन सांगितलंत. त्यात इंग्रज अधिकारी आपला मोठा हेर वाचवण्यासाठी रघूचं नाव शत्रूला देऊन टाकतात, आणि एका सकाळी रघू चौतिसाव्या मजल्यावरून पडतो. अपघात म्हणून नोंद होते. माझी बोटं की-बोर्डवर थांबली. त्याच आठवड्यात आमचा बबन अडतिसाव्या मजल्याच्या बाहेर काम करत होता.

आपलं खरं भांडण ते एकच. मी म्हटलं, मॅडम, त्याला घरी जाऊ द्या.

"मी त्याला मारत नाहीये," तुम्ही म्हणालात. "ती माणसं मारतील. मी त्याला वाचवलं, तर ती माणसं चांगली ठरतील. तेवढं खोटं मी लिहू शकत नाही."

 मग मी वास्तुपुरुषाचं सांगितलं. आमच्यात घरात अभद्र बोलत नाहीत, वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो, नेमकी बोलाफुलाला गाठ पडते. निघतानासुद्धा आम्ही जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. तुम्ही मन लावून ऐकलंत. मग विचारलंत, "त्याला इंग्रजी येतं का?" मी हसलो नाही. तीन शनिवार आपण कामापुरतं बोललो. चौथ्या शनिवारी तुम्ही म्हणालात, रिव्हिजन तीन अंतिम, पाठवा.

पाठवताना मी तुमच्याच टेबलाशी होतो. समोर काच, काचेपलीकडे आमच्या साइटचा टॉवर, त्याच्या अंगाला परांची, आणि परांचीवर नारिंगी ठिपके. त्यांतला एक बबन. तुम्ही पाठमोऱ्या, खुर्चीत. दोन्ही फायली पडद्यावर शेजारी शेजारी होत्या. मी रिव्हिजन दोन जोडली आणि बटण दाबलं. मी देवभोळा माणूस नाही, बाई. पण त्या क्षणी तुमच्या अक्षरांचा मला इतका धाक होता की तुम्ही लिहाल ते होईल असं वाटलं. तुमच्या लेखणीला याहून मोठी दाद मी आयुष्यात दिलेली नाही. आणि याहून मोठा दगाही.

एकदा खोटं बोललं की त्याला खोट्याचाच टेकू लागतो. छपाईआधी तपासायची पानं आली, ती मी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. तीस प्रकरणं छापल्याप्रमाणे, आणि एकतिसावं माझ्या बॅगेतल्या कागदावरून, रिव्हिजन तीन. पडण्यापर्यंतचं नीट वाचलं, नंतरची चार पानं घाईघाईने उरकली. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. शेवटी म्हणालात, ठीक. मी क्लेअरबाईंना कळवलं, दुरुस्ती नाही. छापलेलं पुस्तक तुम्ही कधीच उघडत नसत. पुस्तक आलं, तुम्ही त्याचा कागद हुंगलात आणि शेल्फवर ठेवायला सांगितलंत.

पुढे एका शनिवारी क्लेअरबाईंचा फोन आला. डोळ्यांमुळे तुमचा फोन नेहमी स्पीकरवर. त्या म्हणाल्या, वाचकांची पत्रं येतायत, हॅस्लम इतक्या मायेने शेवट करतील असं कुणाला वाटलं नव्हतं, सगळे धरून चालले होते की तो मरणार. मी पाणी ओतत होतो, ते ग्लासच्या बाहेर गेलं.

तुम्ही एक श्वास घेतलात. "हो," तुम्ही म्हणालात, "मलाही ते अनपेक्षितच होतं."

मग फोन ठेवलात आणि सुनीताने काय पाठवलंय म्हणून विचारलंत. थालीपीठ होतं. आपण ते खाल्लं.  मी घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या खेपेला पाय धरा आणि सांगून टाका, एवढ्या मोठ्या बाई, ओरडतील फार तर. मी सांगितलं नाही. तुम्हाला कळलंय की मला नुसतं वाटतंय, याचीच मी खात्री करत बसलो.

खात्री तुम्ही करून दिलीत. महिन्याभराने, काही कारण नसताना, तुम्ही मला लंडनच्या त्या खात्यातली एक गोष्ट सांगितलीत. एका माणसाच्या फायलीत एक कागद होता. तो वर गेला असता तर माणूस आयुष्यातून उठला असता, आणि तुमच्या मते त्याचा फारसा दोष नव्हता. तुम्ही तो कागद सात फडताळं सोडून भलत्याच फायलीत लावलात. बहुतेक अजून तिथेच असेल. कुणालाही बोलला नव्हतात, नवऱ्यालाही नाही.

"भीती वाटली, त्याला काही होईल म्हणून," तुम्ही म्हणालात. आणि चेहरा माझ्याकडे वळवून थांबलात. "तुम्ही असं कधी केलंय का, मिस्टर सबनीस?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "आमच्या धंद्यात चालत नाही."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "चालत नाहीच."

बाई, तुम्ही दार सताड उघडून धरलं होतंत. मला फक्त आत यायचं होतं. साठ वर्षं लपवलेली गोष्ट तुम्ही माझ्यासमोर ठेवलीत, कशासाठी, तर माझी गोष्ट मला सांगता यावी म्हणून, आणि मी सव्वीस वर्षांच्या माझ्या त्या स्वच्छ कारकिर्दीचा आव आणून बसलो. त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाहीत. माझ्यावर रागावलाही नाहीत. दर शनिवारी तीच खुर्ची, तोच चहा. तुमचा शेवट मोडणाऱ्या माणसाला तुम्ही शेवटपर्यंत आपली सगळी कागदपत्रं सांभाळायला दिलीत. एवढं मोठं मन कसं असतं, हे मला अजून उमगलेलं नाही. मी फक्त पाहिलंय.

आज सकाळी मी बबनला फोन लावला. तो दीड वर्षापूर्वी कायमचा गावी गेला, आंब्याच्या कलमांना पाणी घालतो, पोट सुटलंय. तुम्ही गेलात हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, माझा हात बघितलेला त्या बाईंनी. मी त्याला सगळं सांगून टाकलं. बाईंनी पुस्तकात तुला मारलं होतं, परांचीवरून पाडलं होतं, मी ते बदललं, आता खरं छापायचं की नाही ते तू सांग.

बबन हसला. "मारू दे की साहेब. मी हाय ना हितं धडधाकट." मग थांबून म्हणाला, "पण पडल्यावर काय होतं? माझ्या घरी सांगायला कोण येतं का? का कंपनीचा नुसता फोन?"

तेव्हा मला ती चार पानं आठवली, मी घाईत उरकलेली. कागद काढला आणि फोनवर त्याला मराठी करत करत वाचून दाखवला. खात्यात फायली लावणारी एक म्हातारी इंग्रज बाई, जिला कुणी पाठवलेलं नाही, ती रघूची बॅग घेऊन कोकणात त्याच्या घरी येते. उंबऱ्याशी चपला काढते. रघूची बायको तिला ओळखत नाही, का आली विचारत नाही. लांबून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देते. आणि ती म्हातारी हातात तांब्या धरून बसते, सावकाश पिते, कारण पाणी संपलं की बोलावं लागणार. ती बोलते तिथे कादंबरी संपते.

 हे गूळ-पाणी तुम्हाला कुठून ठाऊक, ते वाचता वाचताच उमगलं. तुम्ही एकदा सुनीताला फोनवर बराच वेळ काहीबाही विचारत होतात, अनोळखी बाई वाईट बातमी घेऊन दारात आली तर घरची बाई आधी काय करील. सुनीताने सांगितलं होतं, आधी पाणी देईल, बातमी काय तिला ठाऊक असते थोडीच. तुमच्या भिंतीवरची चौकट भरायला तुम्ही माझ्या घरात येऊन गेलात, आणि मला पत्ता नाही. बबनला वाचवायच्या नादात मी तुमच्या एकोणीस कादंबऱ्यांमधली सगळ्यांत थोर चार पानं कापून टाकली होती.

पलीकडून बबन मग म्हणाला, "आमची बायको तेवीस वर्सं हेच विचारायची साहेब. तुमचं काय झालं, तर मला सांगायला कोण येणार? मी म्हनायचो, गप. त्या बाईंनी बरोब्बर लिवलंय. छापा तसंच. आन् तिला एकदा वाचून दाखवा, मी बोलावतो."

त्याने तिला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली आणि मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. वाचून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "बाई पानी पूर्ण प्यायल्या ना?" मी म्हटलं, हो.

दुपारी मी क्लेअरबाईंना रिव्हिजन तीन पाठवली. आमच्या पद्धतीत बदलाचं कारण लिहावं लागतं, म्हणून लिहिलं: 'आधी पाठवलेली प्रत अंतिम नव्हती. ती मी लेखिकेला न विचारता, जाणूनबुजून पाठवली. लेखिकेला ते कळलं होतं आणि तिने मला सांभाळून घेतलं. संबंधित इसम सुखरूप घरी पोचल्याची आज खात्री करून घेतली आहे. आता त्याला मरू द्यायला हरकत नाही.'